टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक इंजिन: ताकद, ऑइल व ट्युनिंगमधील फरक

पाठीवरचा पॉवर स्प्रे पंप आणि ब्रश कटर यांना टू-स्ट्रोक किंवा फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण ऑइल आणि ट्युनिंगची पद्धत वेगळी आहे. इथे चूक झाली, तर ऐन फवारणीत इंजिन जाम होते.

ताकद

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा पेट्रोल जळून ताकद मिळते. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून तेवढ्याच सीसीचे टू-स्ट्रोक हलके आणि चपळ असते. मात्र ताकद दुप्पट मिळत नाही. धुराबरोबर थोडे ताजे मिश्रणही सायलेन्सरमधून निघून जाते, त्यामुळे पेट्रोल जास्त लागते. फोर-स्ट्रोक जड असते, पण पेट्रोल आणि धूर कमी.

ऑइल

- टू-स्ट्रोक: टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे. प्रमाण 25:1 असेल तर 1 लिटरला 40 मिलि, 50:1 असेल तर 20 मिलि. आपल्या यंत्राचे प्रमाण माहितीपुस्तिकेत पाहावे.
- फोर-स्ट्रोक: टाकीत साधे पेट्रोल, ऑइल वेगळ्या कप्प्यात. रोज यंत्र सपाट जागी ठेवून पातळी तपासावी.

ट्युनिंग

पेट्रोल वाचवण्यासाठी अनेक जण कार्बोरेटरच्या स्क्रूने मिश्रण पातळ करतात. इंजिनचा आवाज चढतो, ताकद वाढल्यासारखी वाटते. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी केले की त्यातले ऑइलही कमी होते. एकीकडे उष्णता वाढते, दुसरीकडे वंगण घटते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. फोर-स्ट्रोकमध्ये वंगण वेगळे असल्याने हा धोका कमी. पण पातळ मिश्रणाने व्हॉल्व्ह जळू शकतात. ओढ कमी झाल्यास व्हॉल्व्हमधील फटही मेकॅनिककडून तपासून घ्यावी.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी

1. एअर फिल्टर स्वच्छ करावा.
2. इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढून पाहावा. टोक तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, पांढरे असेल तर पातळ, काळे-ओलसर असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त.
3. ताजे पेट्रोल भरून पाहावे.

बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो आणि स्क्रू फिरवण्याची गरज पडत नाही.