शिवारातील ध्वनिकथा : धानाच्या बांधीतले निरीक्षण दोन मिनिटांत कसे सांगावे

शेतात दिसलेली एखादी गोष्ट शेतकऱ्याने स्वतःच्या आवाजात आणि स्वतःच्या बोलीत, दोन ते तीन मिनिटांत मोबाईलवर नोंदवली की तिला ध्वनिकथा म्हणता येते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील धान उत्पादकांसाठी हे माध्यम फार उपयोगी आहे. मात्र कथेत तारीख, पिकाचे वय आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा नसेल, तर तीच कथा गावभर चुकीच्या फवारणीचे कारण ठरू शकते.

आवाजच का?

गडचिरोली जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगाली भाषा बोलल्या जातात. छापील सल्ला बहुधा प्रमाण मराठीत असतो. किडींची नावेही बदलतात. पूर्व विदर्भातील अनेक शेतकरी धानावरील तुडतुड्यांना 'मावा' म्हणतात, तर कृषी पुस्तिकेत मावा ही वेगळीच कीड असते. केवळ नाव सांगून औषध घेतले तर फसगत होते. "चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या थोडे वर बसतो, हात लावला की उडी मारतो" असे वर्णन ऐकले तर कीड ओळखता येते.

दुसरे कारण नेटवर्कचे आहे. १६ केबीपीएस दर्जाची दोन मिनिटांची ध्वनिफीत साधारण २४० केबी भरते. ती कमजोर नेटवर्कवरही जाते. नेटवर्क नसेल तेथे ब्लूटूथ किंवा मेमरी कार्डावरून आठवडी बाजाराच्या दिवशी देता येते.

आधीचे अनुभव

१९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ५ जिल्ह्यांतील १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करत. मंडळे असलेल्या गावांत माहितीत मोठी भर पडली. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशा गावांत तेवढा फरक दिसला नाही. म्हणजे ऐकण्याइतकीच चर्चाही महत्त्वाची आहे.

२०१० मध्ये छत्तीसगडमधून सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वरा' या उपक्रमात साध्या फोनवरून गोंडी आणि हिंदीत निरोप नोंदवण्याची व ऐकण्याची सोय झाली. स्मार्टफोन किंवा वाचता येणे त्यासाठी आवश्यक नव्हते.

निरीक्षणाची किंमत सांगायला दूर जाण्याची गरज नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल ३' धानाच्या बांधीत काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या आणि अनेक हंगाम वेगळ्या लावून पाहिल्या. त्यातूनच एचएमटी हे वाण पुढे आले.

कथेत कोणत्या पाच गोष्टी असाव्यात?

१. तारीख, गाव आणि पिकाचे वय : रोवणी की आवत्या, वाण कोणते, किती दिवसांचे पीक.
२. काय दिसले : रंग, आकार, झाडाच्या कोणत्या भागावर, दिवसाच्या कोणत्या वेळी.
३. किती दिसले : किती चुडी तपासल्या आणि त्यात किती किडी किंवा खराब फुटवे आढळले.
४. काय केले आणि का केले : काहीच केले नसेल तर तेही सांगावे.
५. पुढे काय झाले : ४ ते ७ दिवसांनी दुसरी छोटी नोंद जोडावी.

यातील तिसरी गोष्ट बहुतेक वेळा सुटते. "लय कीड पडली" यावरून फवारणीचा निर्णय घेता येत नाही. बांधी तिरकस ओलांडत २० चुडी तपासाव्यात. फक्त धुऱ्याजवळच्या चुडी मोजू नयेत.

आर्थिक नुकसानीची पातळी (धान)

- तपकिरी तुडतुडे : ५ ते १० प्रति चूड.
- खोडकिडा : ५ टक्के गाभेमर फुटवे किंवा १ अंडीपुंज प्रति चौ. मी.
- गादमाशी : ५ टक्के चंदेरी पोंगे.
- लष्करी अळी : ४ ते ५ अळ्या प्रति चौ. मी.

ध्वनिकथेचा नमुना

"आज २० सप्टेंबर. रोवणीला ५५ दिवस झाले. सकाळी बांधीत २० चुडी तपासल्या. चूड थोडी वाकवून बुंध्यावर टिचकी मारली आणि पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजले. एकूण ६४ भरले, म्हणजे चुडीला ३ पेक्षा थोडे जास्त. ९ चुडींत कोळी दिसले. कोळी तुडतुडे खातात, म्हणून आज फवारणी केली नाही. युरियाचा राहिलेला हप्ता थांबवला. बांधीतले पाणी ३-४ दिवसांसाठी काढून दिले. २४ तारखेला पुन्हा मोजून सांगतो."

या कथेत विज्ञानही आहे. तुडतुड्यांना दाट, ओलसर आणि नत्र जास्त झालेले पीक मानवते. पाणी काढल्याने बुंध्याजवळची आर्द्रता कमी होते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके फवारल्यास कोळी व मिरीड ढेकूण मरतात आणि तुडतुडे पुन्हा उसळतात. न केलेली फवारणी खर्च तर वाचवतेच, मित्रकीटकही वाचवते.

हंगामानुसार विषय

- जून-जुलै : पहिल्या मोठ्या पावसानंतर बेडकांचे आवाज. नर बेडूक मादीला बोलावण्यासाठी ओरडतो. आवाज केव्हा सुरू झाला, बोडीत पाणी केव्हा आले, पऱ्हे कसे उगवले, हे एकत्र नोंदवावे.
- ऑगस्ट : गादमाशीमुळे फुटव्याचा कांद्याच्या पातीसारखा पोकळ पोंगा होतो. त्या फुटव्याला लोंबी येत नाही.
- सप्टेंबर-ऑक्टोबर : तुडतुडे, कोळी, पक्षीथांब्यावर येणारा कोतवाल पक्षी.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : रात्री लोंब्या कुरतडणारी व दिवसा ढेकळांत, बुंध्याशी लपणारी लष्करी अळी, बियाण्यासाठी वेगळ्या लोंब्यांची निवड.
- उन्हाळा : मोहफुले पडण्याची आणि तेंदूला नवी पाने फुटण्याची तारीख.

रेकॉर्डिंग करताना

वाऱ्याकडे पाठ करावी. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. मोटारपंप किंवा ट्रॅक्टरजवळ बोलू नये. आधी आकडे कागदावर किंवा बोटांवर मोजून घ्यावेत, मगच बटन दाबावे. फाइलला 'गाव-पीक-तारीख' असे नाव द्यावे.

ऐकणारा गट

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात विषय आधी अभ्यासगटात समजून घ्यायचा आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने करायचा, अशी पद्धत रुजली. ध्वनिकथेसाठीही हाच क्रम ठेवावा. कृषी सहायक किंवा कृषिमित्राने आठवड्यातून एकदा १० ते १५ शेतकऱ्यांना एक कथा ऐकवावी, "आपल्या बांधीत असे आहे का?" हा प्रश्न विचारावा आणि लगेच शेतात जाऊन मोजणी करावी. महिलांच्या कथा आवर्जून घ्याव्यात. रोवणी, निंदण आणि कापणी त्याच करतात. बदल आधी त्यांनाच दिसतो.

काळजी

- मागील वर्षीची कथा यंदा पुढे पाठवू नये. तारीख नसलेली कथा गटात घेऊ नये.
- कथेत कीटकनाशकाचे नाव व मात्रा सांगू नये. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्र, सिंदेवाही येथील संशोधन केंद्र किंवा किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१) यांच्याकडे विचारणा करावी.
- जंगलालगतच्या बांधीत इअरफोन लावू नये. मागची चाहूल ऐकू येत नाही. पहाटे किंवा सायंकाळी एकट्याने, खाली वाकून मोजणी करू नये. दोघांनी जावे; एकाने मोजावे, दुसऱ्याने लक्ष ठेवावे.
- वाघ, अस्वल किंवा रानडुकरांच्या खुणा दिसल्यास गटात आवाज फिरवत बसण्याऐवजी आधी वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.
- बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी. औषधी वनस्पतींची जागा किंवा गावाचे पारंपरिक ज्ञान ग्रामसभेला विचारल्याशिवाय गावाबाहेर पाठवू नये.

सुरुवात एका बांधीपासून करावी. या आठवड्यात २० चुडी मोजाव्यात, दोन मिनिटे बोलावे आणि पुढच्या आठवड्यात त्याच बांधीत पुन्हा मोजावे. दोन नोंदी जोडल्या की निर्णयाला आधार मिळतो.