कपड्याचा हूक, नळीचा क्लॅम्प आणि पेटंटचे अपील

एखादी वस्तू तयार झालेली पाहून ‘यात काय विशेष, हे कोणालाही सुचले असते’ असे म्हणणे फार सोपे असते. पेटंट कायद्याने मात्र याच शेऱ्याला निकषाचे स्थान दिले आहे. शोध केवळ नवा असून भागत नाही. त्या क्षेत्रातील जाणकाराला तो सहज सुचण्याजोगा नसावा, अशी अट भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम २ (१) (जेए) मध्ये आहे.

पण जाणकार कोणत्या क्षेत्रातला? १९९२ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. हान्स ओटिकर यांनी नळी आवळणाऱ्या धातूच्या क्लॅम्पमध्ये एक हूक बसविला होता. क्लॅम्प आवळेपर्यंत हा हूक त्याला जागेवर धरून ठेवी आणि आवळताच आपोआप सुटे. परीक्षकाने ओटिकर यांचेच जुने पेटंट आणि कपड्यांना लावायच्या प्लास्टिकच्या हूक-कडीचे दुसऱ्याचे पेटंट एकत्र ठेवून, ही सुधारणा उघड असल्याचे ठरविले. न्यायालयाने तो निर्णय फिरविला. नळीचा क्लॅम्प बनविणारा माणूस आपली अडचण सोडविण्यासाठी शिवणकामाच्या वस्तूंकडे वळेल, हे कोणी दाखवूनच दिले नव्हते. उत्तर हाती आल्यावर मागे वळून वाट आखण्याचा हा प्रकार होता.

अर्थात या निकालावर फार विसंबूनही चालणार नाही. २००७ च्या केएसआर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जाणकाराला सामान्य कल्पकता असतेच, असे बजावले. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम’ खटल्यात भांडी बनविण्याच्या एका साधनाचे पेटंट टिकू दिले नाही. निव्वळ कारखान्यातली सुधारणा पेटंटला पुरत नाही, हा त्याचा आशय.

द्राक्षबागांच्या मुलखातील वणीसारख्या गावी फवारणीच्या नळ्यांना क्लॅम्प नेहमीच लागतात. तेथील कारागिराने असा काही शोध लावला, तर अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात करावा लागेल. नियंत्रकाने तो नाकारल्यास कलम ११७ए अन्वये तीन महिन्यांत अपील करता येते. २०२१ पर्यंत ही अपिले चेन्नईत मुख्यालय असलेल्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. मंडळ बरखास्त झाल्यावर ती उच्च न्यायालयांकडे आली. वणीकरासाठी ते मुंबई उच्च न्यायालय. मात्र आधीच्या साधनांत नेमके काय अडत होते, हे मूळ अर्जातच सविस्तर मांडलेले हवे. त्यात नसलेला तांत्रिक तपशील पुढे दुरुस्ती म्हणून घुसविण्यास कलम ५९ आड येते.