डीबीमेल

डीबीमेल : आलेला ईमेल फाइलींत न ठेवता डेटाबेसात साठवणारा मुक्त मेल-सर्व्हर. उगम नेदरलँड्समधला, परवाना जीपीएल. साठवणीसाठी मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट वापरता येते.

युनिक्सवर मेल ठेवण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एमबॉक्समध्ये पेटीतले सगळे मेल एकाच फाइलीत एकाखाली एक लागतात, डी. जे. बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलबरोबर आलेल्या मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल असते. डीबीमेलमध्ये यातले काहीच नसते. ग्रेप मारून हरवलेला मेल शोधणाऱ्याला इथे एसक्यूएल लिहावी लागते. म्हणूनच हा सर्व्हर चालवणाऱ्याला मेलपेक्षा डेटाबेसची जाण जास्त हवी.

बाहेरून मेल घेण्याचे काम पोस्टफिक्ससारख्या सर्व्हरकडे राहते. तो मेल एलएमटीपीने डीबीमेलकडे सोपवतो. वाचणाऱ्याला तो आयमॅप किंवा पॉप3 ने मिळतो. पोस्टफिक्सलाही पत्ते डीबीमेलच्याच टेबलांतून वाचायला लावता येतात.

तिसऱ्या आवृत्तीपासून मेल सलग न ठेवता त्याचे भाग सुटे करून ठेवतात : मजकूर एक भाग, प्रत्येक अटॅचमेंट एक भाग. भागाच्या आशयावरून हॅश काढतात. तोच भाग आधीपासून असेल तर पुन्हा न साठवता फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारी नोंद होते. कार्यालयाने 6 एमबीचे परिपत्रक 200 जणांना पाठवले, तर पीडीएफ एकदाच साठते. जागेची ही बचत डीबीमेलची सर्वांत मोठी जमेची बाजू मानावी.

पुसण्याची बाजू मात्र नीट समजून घ्यावी लागते. वापरणाऱ्याने मेल काढून टाकला की टेबलातली त्याची स्थिती बदलते, मेल तिथेच राहतो. तो खरोखर हटवणे डीबीमेल-युटिल या साधनाचे काम, तेही टप्प्याटप्प्याने. ते रोज रात्री क्रॉनमधून चालवायचे असते. ही एक ओळ क्रॉनमध्ये घालायची राहिली, तर लोक पेट्या रिकाम्या करत असताना डिस्क भरतच जाते. हटवल्यानंतरही मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनाची फाइल आपोआप लहान होत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये व्हॅक्यूमने जागा पुन्हा वापरण्याजोगी होते, पण ती डिस्कला परत मिळेलच असे नाही.

मर्यादांचा मेळ घालणे हेही असेच महत्त्वाचे. पोस्टफिक्स मूळ मांडणीत साधारण 10 एमबीपर्यंतचा मेल घेतो. मायएसक्यूएल 5.7 ची ‘मॅक्स अलाउड पॅकेट’ ही मर्यादा मुळात 4 एमबी आहे, 8.0 मध्ये ती 64 एमबी झाली. जुन्या मांडणीत पोस्टफिक्सने घेतलेले मोठे अटॅचमेंट डेटाबेसच्या दारात अडते. 6 एमबीची फाइल मेलमधल्या बेस64 संकेतनामुळे एक तृतीयांशाने फुगून 8 एमबी होते, हेही हिशेबात धरावे. अक्षरसंचाची चाचणी फक्त मराठी विषयाचा मेल पाठवून पुरी होत नाही : मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ8’ मध्ये एका अक्षराला 3 बाइट मिळतात आणि देवनागरी अक्षर तेवढ्यात बसते, पण इमोजीला 4 लागतात. त्यासाठी ‘यूटीएफ8एमबी4’ हवे.

बॅकअपमध्ये या रचनेचे बळ दिसते. पीजी-डंपने, किंवा इनोडीबीवर सिंगल-ट्रान्झॅक्शन लावलेल्या मायएसक्यूएल-डंपने, खाती, फोल्डर, वाचल्याच्या खुणा आणि मेल हे सारे एकाच क्षणाचे मिळते. एकाच माणसाचे एकच फोल्डर परत आणणे मात्र कष्टाचे. मेलडिरमध्ये एक डिरेक्टरी उचलून ठेवली की झाले. इथे अख्खा डंप दुसऱ्या यंत्रावर चढवायचा आणि त्यातून डीबीमेल-एक्सपोर्टने हवी ती पेटी बाहेर काढायची. ती बाहेर येते एमबॉक्सच्या रूपात.