संगणक मधूनच का थबकतो?

उदगीरच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर आजही दोनशिक्षकी शाळा आहेत. एकच गुरुजी पहिलीला पाढे लिहायला देऊन तिसरीकडे वळतात. पाढे लिहून संपले की पहिली थांबून राहते. दोष मुलांचा नसतो. त्या वेळी गुरुजी दुसरीकडे असतात.

‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी यंत्राचेही असेच आहे. एका खऱ्या संगणकावर अनेक आभासी संगणक नांदतात आणि प्रत्येकाला वाटते, प्रोसेसर आपल्या एकट्याचाच. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६७ साली ही कल्पना प्रत्यक्षात आली. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ बाजारात जाहीर झाली. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली ती साध्या टेबलावरच्या संगणकावर आणली.

त्याच वर्षी थबकण्याचा एक नामी दोष उघड झाला. विंडोज ९५ आणि ९८ सुमारे ४९.७ दिवस सलग चालल्यावर गोठू शकत. त्यांतील एक गणक मिलिसेकंद मोजी आणि त्याला ३२ बिटांचीच जागा होती. दोनचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, इतके मोजून झाले की तो शून्यावर येई. या संख्येला एका दिवसाच्या ८,६४,००,००० मिलिसेकंदांनी भागून पाहा! रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकात हा दोष कधी दिसणारच नाही.

आभासी यंत्रात घड्याळाचा घोळ आणखी वाढतो. लिनक्समधील पहारेकरी, एखादे काम साधारण २० सेकंद प्रोसेसर अडवून बसले, तर ‘अडकले’ अशी नोंद करतो. पण यजमान संगणकाने तेवढा वेळ प्रोसेसरच दिला नसेल, तर पाहुणा कधी कधी विनाकारण स्वतःलाच दोषी ठरवतो. या हिरावलेल्या वेळेला ‘स्टील टाइम’, चोरीचा वेळ, असे नाव आहे आणि लिनक्स तो वेगळा मोजून दाखवतो.

मग शोध कसा घ्यावा? थबकल्याची नेमकी वेळ टिपावी. त्याच क्षणी शेजारची आभासी यंत्रेही थांबली असतील, तर आधी यजमानाची डिस्क, स्मृती आणि प्रोसेसरवरचा भार तपासावा. एकच थांबले असेल, तर प्रथम त्याच्या आत पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. घाईने संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तर तो चालेलही. पण स्मृतीतला पुरावा पुसला जाईल आणि दोष मात्र तसाच राहील. तो पुन्हा कधी उगवेल याचा नेम नाही. कदाचित निकाल तयार करण्याच्या दिवशीच.