प्रोग्राम कोणी लिहायचा? सीएनसी मशीनच्या इतिहासातला एक जुना वाद

तुमच्यापैकी काहीजण पीएच.डी.ला लागण्याआधी भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यात सीएनसी प्रोग्रामिंगची इंटर्नशिप करणार असाल. तिथे पहिल्याच आठवड्यात एखादा प्रोग्राम तुमच्या हातात येईल. त्याच्या सुरुवातीला बहुधा % हे चिन्ह असेल आणि शेवटी एम३०. एम३० म्हणजे काय, असं विचारलंत तर उत्तर मिळेल, 'प्रोग्राम संपला, परत सुरुवातीला जा.' उत्तर बरोबरच आहे. पण मूळ अर्थ होता 'पट्टी गुंडाळून मागे न्या', आणि ती पट्टी कुठे थांबवायची याची खूण म्हणजे %. पंच केलेली कागदी पट्टी कारखान्यांतून कधीच गेली, तिचे आदेश मात्र राहिले. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला असे अवशेष ओळखता आले पाहिजेत.

आता ही पट्टी आली कुठून ते बघू.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी इथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याचा वक्र आकार नेमका यावा म्हणून पार्सन्स आणि त्यांचे अभियंते फ्रँक स्ट्युलेन यांनी आयबीएमच्या पंच कार्ड यंत्रांवर त्या आकारावरचे बिंदू काढले. मग मशीनवर तीन माणसं उभी राहायची. एकजण आकडे मोठ्याने वाचायचा आणि दोघं एकेका अक्षाचं चाक फिरवायचे. थोडक्यात, प्रोग्राम होता, पण तो चालवायला माणसं लागत होती.

ही चाकं यंत्रानेच फिरवावीत, या कल्पनेला अमेरिकी हवाई दलाने १९४९ मध्ये पैसे दिले. पार्सन्स यांनी मदतीला एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळा घेतली. हळूहळू प्रकल्पाची सूत्रं त्या प्रयोगशाळेकडे गेली आणि पार्सन्स बाजूला पडले. १९५२ मध्ये एमआयटीने सिनसिनाटी कंपनीची एक मिलिंग मशीन पंच केलेल्या पट्टीवर चालवून दाखवली. पट्टीसाठीची आकडेमोड हाताने करणं फार किचकट होतं, म्हणून डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एपीटी ही प्रोग्रामिंगची भाषा तयार झाली. १९५९ मध्ये ती पत्रकारांसमोर आली, तेव्हा याच पद्धतीने कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे पाहुण्यांना वाटले होते.

बहुतेक पाठ्यपुस्तकांतली गोष्ट इथे संपते. संशोधकाची इथून सुरू होते.

कारण त्याच सुमारास दुसराही एक मार्ग होता. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिकमध्ये 'रेकॉर्ड-प्लेबॅक' पद्धतीवर काम झालं. कुशल कारागीर पहिला जॉब स्वतः बनवायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदल्या जायच्या आणि पुढचे जॉब मशीन ती टेप वाजवून करायची. इथे प्रोग्राम लिहिणारा म्हणजे कारागीरच. त्याचं डोळ्याचं, कानाचं आणि हाताचं ज्ञान सरळ टेपवर उतरायचं. हा मार्ग मागे पडला.

का पडला? डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रोडक्शन' (१९८४) या पुस्तकात मांडलं की हा निव्वळ तांत्रिक निकाल नव्हता. हवाई दलाचा पैसा, विद्यापीठातल्या अभियंत्यांची गणिताची ओढ आणि शॉप फ्लोअरवरची सत्ता आपल्या हातात घ्यायची व्यवस्थापनाची इच्छा, या तिन्हींमुळे प्रोग्राम कारागिराच्या हातून निघून ऑफिसात गेला.

वाचताना हे पटतं. पण थांबा, उलट बाजूही तपासा. विमानाचे काही भाग इतके गुंतागुंतीचे असतात की ते हाताने नीट बनवताच येत नाहीत. मग रेकॉर्ड काय करणार? शिवाय टेपवरची एक हालचाल बदलायची तर जॉब पुन्हा करण्याची वेळ येते. म्हणजे विमान उद्योगापुरतं तांत्रिक कारण खरंच भक्कम होतं. पण साध्या जॉबचं काय? जिथे कारागिराचा हात पुरेसा होता, तिथेही तीच पद्धत का पोचली? नोबल यांचा मुद्दा खरा टोकदार होतो तो इथे. एखादा सिद्धांत सगळाच्या सगळा स्वीकारायचा किंवा फेकून द्यायचा नसतो. तो कुठपर्यंत लागू पडतो, ती हद्द शोधायची असते.

आणखी एक गोष्ट. एमआयटीचे अहवाल, करार, पेटंट सगळं जपलेलं आहे. चाक फिरवणाऱ्या त्या दोन माणसांनी स्वतः लिहिलेलं असं काही त्या कागदांत शोधून बघा. संग्रहात काय आहे यावरच इतिहास लिहिला, तर ज्याच्याकडे टाइपरायटर होता त्याचाच इतिहास लिहिला जातो.

म्हणून इंटर्नशिपकडे वळू. तुम्हाला बहुधा वातानुकूलित खोलीत संगणकासमोर बसवतील. तिथलं काम शिकाच, पण रोज थोडा वेळ मशीनपाशी उभे राहा. सेटर ऑफसेट बदलतो, आवाज ऐकून फीड कमी करतो, एखादी ओळ पुढेमागे करतो. म्हणजे कागदावर प्रोग्राम ऑफिसचा असला, तरी जॉब चांगला निघतो तो दोघांच्या मिळून. त्या बदलाची नोंद कुठे होते का? ऑफिसातली फाइल सुधारली जाते, की तो बदल मशीनमध्येच राहतो आणि शिफ्ट बदलली की हरवतो?

एक साधी वही ठेवा. डाव्या पानावर ऑफिसातून आलेला प्रोग्राम, उजव्या पानावर प्रत्यक्षात चाललेला. फरक कोणी केला आणि का केला, हे त्या माणसालाच विचारून लिहा. मात्र आधी त्याची आणि कंपनीची परवानगी घ्या. प्रोग्राम ही कंपनीची मालमत्ता असते, आणि तुमच्या नोंदीमुळे कोणाच्या नोकरीवर गदा येता कामा नये. नावं वहीत लिहूच नका.

दोन-तीन महिन्यांत उजवी पानं भरली, तर प्रबंधाचा प्रश्न तुम्हाला तिथेच सापडेल. कोरी राहिली, तर ती का कोरी राहिली, हाही प्रश्नच आहे.