बोंडातल्या विषाचे पेटंट

चोपडा, अमळनेर किंवा शिंदखेड्याकडच्या कपाशीत फवारणीची खरी अडचण जागेची असते. अळी एकदा बोंडात शिरली, की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या मातीतल्या जीवाणूत अळीला मारणारे प्रथिन तयार होते. त्या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले, तर बोंड स्वतःच ते विष बनवते. औषध आपोआप नेमक्या जागी!

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांची संयुक्त कंपनी हे तंत्र इतर बियाणे कंपन्यांना शुल्क घेऊन देई. शुल्काचा भार अर्थातच शेतकऱ्यावर पडे. सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० रुपयांच्या आसपास होते. गंमत म्हणजे या पहिल्या तंत्रावर भारतात पेटंट नव्हतेच. वसुली चाले ती करारांच्या बळावर. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या कपाशीमागच्या तंत्राला मात्र २००८ मध्ये पेटंट मिळाले.

२०१५ मध्ये शुल्कावरून हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सशी बिनसले आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ञ) प्रमाणे वनस्पती, बियाणे आणि मूलतः जैविक असलेल्या प्रक्रिया यांना पेटंट मिळत नाही. नुझिवीडूचे म्हणणे असे : जनुक एकदा कपाशीत गेले, की नव्या वाणात ते संकरानेच उतरते, आणि ते काम आम्ही शेतात करतो. मोन्सँटोचे उत्तर : आमचा दावा रोपावर नाही, प्रयोगशाळेत रचलेल्या जनुकक्रमावर आहे, तो निसर्गात कुठेच सापडत नाही. आनुवंशिकता शिकवताना हे दोन्ही युक्तिवाद वर्गात जरूर मांडून पाहावेत. मला दोन्ही बाजू वाटतात तितक्या कच्च्या दिसत नाहीत.

एप्रिल २०१८ मध्ये खंडपीठाने पेटंट अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला : एवढा गुंतागुंतीचा तांत्रिक प्रश्न साक्षीपुराव्याशिवाय सुटायचा नाही, खटला रीतसर चालवा. पण पेटंटची २० वर्षांची मुदत त्याच वर्षी संपली आणि २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. जनुक बियाण्यात मिसळल्यावर त्यावर हक्क कुणाचा, याचा निकाल लागलाच नाही.

अळी मात्र कोर्टासाठी थांबली नव्हती. गुलाबी बोंडअळीने दोन्ही प्रथिने पचवायला शिकून घेतले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातली कपाशी तिने मोठ्या प्रमाणावर पोखरली. सरकारने पाकिटामागचे शुल्क २०१६ मध्ये ४९ रुपयांवर आणले होते. २०२० मध्ये ते शून्य केले. फवारणीचे पंप तोवर पुन्हा शेतात उतरले होते.