यंत्रमाग आणि विजेची मोटार : भिवंडीच्या निमित्ताने यंत्रमालकीचा विचार

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा इतिहास सामान्यतः पेट्रोलच्या मोटारीच्या इतिहासाचे उत्तरप्रकरण म्हणून लिहिला जातो. कालक्रमाच्या दृष्टीनेही ही मांडणी सदोष आहे. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा १८९९ साली प्रथम ओलांडली ती विजेच्याच मोटारीने. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींच्या बरोबरीने विकल्या जात होत्या. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, १९१२ पासून दांडा फिरविल्यावाचून इंजिन सुरू करण्याची सोय झाली आणि विजेची मोटार मागे पडली. तथापि या दोन मोटारींच्या स्पर्धेचा वृत्तांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. भिवंडीसारख्या गावी विजेच्या मोटारीचा पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो रस्त्यावर नव्हे, तर मागाच्या कारखान्यात सापडेल, असे येथे सुचवावयाचे आहे.

ठाणे जिल्ह्यात मुंबई-आग्रा मार्गावर वसलेल्या या शहरात गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून हातमागाची जागा यंत्रमाग घेऊ लागला. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग येथे आणून बसविले जात. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कापड विणण्याचे बरेचसे काम या शहराकडे वळले. येथील मागवाला आपल्या यंत्राचा कोणत्या अर्थाने मालक होता, हे पाहण्याजोगे आहे. माग जुना असे, पण तो संपूर्णपणे त्याचा असे. धोटा अडला, पट्टा तुटला तर गल्लीतला जॉबर तो दुरुस्त करी; सुटे भाग बाजारात मिळत; ज्याने माग विकला त्याची पुन्हा गाठ पडण्याचे कारणच नसे. बाहेरच्या जगाशी या यंत्राला बांधणारा धागा एकच, आणि तो म्हणजे विजेची तार.

या एका धाग्याने भिवंडीला काय दाखविले, हा या शहराच्या अलीकडील इतिहासातील महत्त्वाचा अध्याय होय. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००३ च्या विद्युत कायद्यानुसार २००५ मध्ये विभाजन झाले, आणि वितरणाचे काम महावितरणकडे आले. त्या सुमारास भिवंडीत पुरविलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नव्हते. रोहित्रे वारंवार जळत. भारनियमनामुळे माग तासन् तास बंद राहत. त्याच कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन जानेवारी २००७ मध्ये शहराचे वितरण टोरेंट पॉवर या खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. अशा प्रकारचा हा देशातील पहिला मोठा प्रयोग मानला जातो. पुढील काही वर्षांत गळती वीस टक्क्यांच्या आसपास उतरली आणि पुरवठा सुधारला. परंतु नव्या मीटरविषयी आणि बिलांविषयी तक्रारीही उठल्या. गळती घटली हे कंपनीच्या हिशेबाने यश खरे. पण मीटर योग्य चालतो की नाही हे कोणी ठरवावयाचे, हा ग्राहकाचा प्रश्न त्या यशाने मिटत नव्हता.

आता मोटारीकडे वळू. बंगळुरात तयार झालेली रेवा ही छोटी मोटार २००१ साली भारतात विक्रीस आली. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि एका भरणीत ती सुमारे ८० किलोमीटर जाई. २०१० मध्ये महिंद्र कंपनीने तो उद्योग आपल्या ताब्यात घेतला. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाने विजेची मोटार विकत घेण्याचा विचार गंभीरपणे करावा अशी स्थिती आली ती जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीमुळे. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. एका भरणीचे प्रमाणित अंतर ३१२ किलोमीटर होते, प्रत्यक्षातील अंतर अर्थातच त्याहून कमी भरे. आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास दहा सेकंदांहून किंचित कमी वेळ लागे, असा कंपनीचा दावा होता.

हे आकडे भिवंडीच्या परिभाषेत मांडले तर अधिक बोलके होतात. पंधरा अँपिअरच्या साध्या जोडणीवर ही मोटार सुमारे तीन किलोवॉट वीज घेते. म्हणजे एक अश्वशक्तीच्या चार मागांइतकी. रात्री दहा तास तिला वीज देणे म्हणजे चार मागांची एक पाळी चालविणे होय. ज्याला स्वतःचे दार आणि स्वतःचा मीटर आहे, त्यालाच हे सहज शक्य आहे. चाळीत वा मागाच्या कारखान्यावरील खोलीत राहणाऱ्यास सार्वजनिक केंद्रावाचून गत्यंतर नाही. अशी केंद्रे चालविण्यास विजेच्या विक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्र शासनाने २०१८ साली केला, तोही २००३ च्याच कायद्याच्या संदर्भात. भिवंडीतील वितरणाची व्यवस्था आणि मोटारीस वीज देणारे केंद्र ही दोन्ही एकाच कायद्याची अपत्ये आहेत, ही गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानी क्वचितच येते.

पण माग आणि मोटार यांत एक मूलभूत भेद आहे. मोटारीला तारेखेरीज दुसराही एक धागा आहे. तिच्यातील सुमारे तीनशे व्होल्टची बॅटरी गल्लीतल्या कारागिराने उघडावयाची नसते. ती उघडल्यास हमी संपुष्टात येऊ शकते. म्हणून विक्रेत्याचा संबंध विक्रीने संपत नाही, उलट तेथून सुरू होतो. संगणकीय आज्ञावली बदलावयाची तर त्याच्याकडे वा थेट उत्पादकाकडे पाहावे लागते. मोटार कोठे उभी आहे, बॅटरीत किती वीज उरली आहे, ही माहिती मालकाच्या दूरध्वनीवर येते खरी, परंतु ती प्रथम उत्पादकाच्या संगणकातून जाते. आणि ठरावीक मुदतीनंतर या सेवेसाठी अनेकदा निराळी वर्गणी भरावी लागते. जुलै २०२५ मध्ये टेस्ला कंपनीने मुंबईत दालन उघडले, तेव्हा तिच्या विक्रीपद्धतीत स्थानिक वितरक नव्हताच. ग्राहक आणि उत्पादक यांच्यामध्ये उभा राहणारा, ज्याच्या दारी जाऊन भांडता येईल असा गावचा माणूस तेथे उरत नाही.

पहिल्या धाग्याच्या बाबतीत समाजाने दीर्घकाळ झगडून काही साधने निर्माण केली आहेत. मीटर तपासून घेता येतो. दर नियामक आयोग ठरवितो. तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल यांची तरतूद कायद्यातच आहे. ही साधने परिपूर्ण नाहीत, पण आहेत. दुसऱ्या धाग्यासाठी २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला असला, तरी बॅटरीची क्षमता खरोखर किती घटली याचा निवाडा बहुधा उत्पादकाच्याच उपकरणावर होतो. ज्याचे माप त्याचाच निवाडा, ही स्थिती भिवंडीतील मागवाल्यास अपरिचित नाही.

विजेच्या मोटारीने धूर कमी होईल आणि प्रवास स्वस्त होईल, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु यंत्र घरी असणे आणि यंत्र आपले असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. या भेदाचा इतिहास लिहावयाचा असेल तर कारखानदारांच्या जाहिराती पुरेशा नाहीत. विजेची बिले, हमीपत्रे, दुरुस्तीच्या पावत्या आणि तक्रारअर्ज हीच त्याची अस्सल साधने होत. आणि ती रद्दीत जाण्यापूर्वी जमविण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी आजच हाती घेतले पाहिजे.